पणजोबांची बाजरी

आमचं आडनाव आमचं नाही.
नवरोंगोच्या भरतीच्या टेबलावर
एका घाईतल्या कारकुनाने ते लिहिलं.
नाव? अयिंबिला.
बापाचं नाव त्याने विचारलंच नाही.
उत्तरेकडचा दिसतोस, म्हणाला,
आणि ठोकून दिलं : ग्रुन्शी.
रांगेतल्या एकवीस जणांना तेच,
एका दुपारीत एकवीस अनोळखी भाऊ.

पणजोबांनी तोवर समुद्र पाहिला नव्हता.
ताकोराडीच्या धक्क्यावर बोट बुडवून चाखला
आणि म्हणे चिडले.
एवढं मीठ इथे फुकट पडलंय,
आणि आम्ही चिमूटभरासाठी
गाढवामागून महिना महिना चालायचो!

ब्रह्मदेशात बंदूक उशिरा मिळाली.
आधी मिळालं ओझं,
उखळी तोफेचं लोखंडी बूड, थेट डोक्यावर.
खेचरं घसरतात तिथे माणसं घसरत नाहीत
असा साहेबांचा हिशेब.
आमच्या गावात डोक्यावर वाहतात त्या बायका.
हे त्यांनी घरी कळवलं नाही.
लिहिता येत नव्हतं, ते एक बरंच झालं.

बाहीवर कोळी शिवलेला, पिवळ्यावर काळा.
दक्षिणेकडच्या पोरांना त्याच्या गोष्टी पाठ,
दर वेळी सगळ्यांना गंडवून तो कसा निसटतो.
रात्री चिखलात पडल्या पडल्या ती सांगायची.
हे अर्धी भाषा समजून
पूर्ण हसायचे.

माझ्या लहानपणी भात म्हणजे नाताळ.
अतांपोका आत्या मोठं पातेलं चढवायची,
वास शेजारच्या तीन अंगणांत.
पणजोबा नेमके तेव्हाच उठायचे,
बाओबाबाखाली जाऊन बसायचे
बाजरीचा गोळा आणि भेंडीचं बुळबुळीत कालवण घेऊन.
पाद्री म्हणाले, जुना नवस असेल.
काका म्हणाला, दात.
आम्हा पोरांना काय, एक वाटा जास्त.

एकदाच बोलले.
हर्मट्टनची धूळ दाराच्या फटीतून आत येत होती,
मी त्यांचा रेडिओ दुरुस्त करत होतो,
म्हणजे बिघडवत होतो.

"अकराव्या दिवशी विमान आलं. आपलंच.
आम्ही नाचलो.
दारूगोळ्याच्या पेट्या छत्रीला बांधून सोडतात,
त्या सावकाश येतात.
तांदळाला छत्री नसते.
गोणपाटावर गोणपाट शिवायचं आणि लोटून द्यायचं.
अकोल्गो माझ्यापुढे धावला.
तो नेहमीच पुढे. गोळी त्याला कधी लागली नाही."

रेडिओ खरखरला. मी बंद केला.
चालू ठेव, म्हणाले.

"पोतं फुटलं.
आधी त्याला पुरलं. मग तांदूळ वेचला,
जेवढा वेचण्यासारखा होता तेवढा.
ओढ्यात धुतला. पुन्हा धुतला.
तिसऱ्यांदा पाणी जरा बरं आलं.
चवीला चांगला होता!"

हे शेवटचं ते ओरडून बोलले,
जसा काही मी वाद घालत होतो.

त्या भिंतीवरच्या यादीचे फोटो
परवा कुणीतरी मला पाठवले.
अकोल्गो ग्रुन्शी तीनदा आहे.
तिघांतला आमचा कुठला?
मोठं करून पाहिलं,
मोठं केल्यावर नुसता दगड दिसतो.
कारकुनाच्या वहीप्रमाणे
तिघेही आमचेच.

लेकीच्या शाळेच्या अर्जावर मीही तेच आडनाव लिहिलं,
स्पेलिंग नीट तपासून.

मी भात खातो. लेकीला तर रोज हवा.
रविवारी मीच रांधतो.
तांदूळ हल्ली निवडलेला येतो, पिशवीतून, खडासुद्धा नसतो.
एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं.
बायको म्हणते, पुरे रे,
सगळं सत्त्व निघून जाईल.